नववी खाच

२ फेब्रुवारी, सोमवार

ही वही गाडीसाठी आहे. गाडी घ्यायची हे ठरलं, आता कुठली घ्यायची ते ठरवायचं. रीतसर शोरूम हिंडायच्या, माहितीपत्रकं आणायची, दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना विचारायचं आणि जे कळेल ते इथे लिहून काढायचं. दुसरं काही लिहायचं नाही.

मी तीस वर्षं गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. डोळे बांधून सीटवर बसवा, मॉडेल सांगेन. लोकांच्या गाड्या दुकानात आत घ्यायच्या आणि बाहेर काढायच्या, एवढंच माझं चालवणं. पण परवाना आहे आणि हात साफ आहे. स्वतःची गाडी घेतली नाही, कारण दुकान खाली आणि घर वर. जिना उतरायला गाडी कशाला लागते?

‘मग आत्ताच काय गरज पडली?’ असं ही विचारते. पडली गरज.

साडूने गेल्या आठवड्यात गाडी घेतली, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

संबंध आहे. स्वतःच्याच वहीत खोटं कशाला लिहायचं?

रविवारी साडू नवी गाडी घेऊन दारात आला. साडू म्हणजे हिच्या ताईचा नवरा. शाळेत कवायत शिकवायचा. आता निवृत्त झालाय. शिट्टी शाळेत ठेवून आला, आवाज बरोबर घेऊन आला. सहा फूट उंच, पोट नाही, डोक्यावरचे केस शाबूत. या वयात माणसाला इतके केस असू नयेत. ‘साडूभाऊ, खाली या!’ म्हणून अशी हाक मारली की समोरच्या चार खिडक्या उघडल्या.

गाडी पांढरी आहे. छताला काचेची खिडकी आहे, बटण दाबलं की सरकते. मी म्हटलं, ‘वर काय बघायचं असतं?’ साडू म्हणाला, ‘आभाळ.’ ही हसली. इतकं हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

मग ही पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, ‘भाऊजी, काय मस्त वास असतो हो नव्या गाडीला!’ नव्या रेक्झिनचा वास. तोच वास घेऊन मी तीस वर्षं संध्याकाळी घरात येतो. तेव्हा म्हणते, ‘आधी आंघोळ करा.’

मला हेवा वाटत नाही. पोटात दुखतं, एवढंच.

७ फेब्रुवारी, शनिवार

पहिली शोरूम बघितली. काचेचा दरवाजा इतका पुसलेला की उजवा खांदा चौकटीवर आदळला. दरवाजा आहे हे कळायला त्यावर काहीतरी चिकटवायला नको का?

माहिती द्यायला एक तरतरीत मुलगी होती. तिने पहिलाच प्रश्न विचारला, ‘सर, चालवणार कोण?’

‘म्हणजे?’

‘घरात कोण कोण चालवणार? त्यावरून सीट, आरसे, गिअर कसले हवेत ते ठरवता येतं.’

‘मीच चालवणार. दुसरं कोण चालवणार?’

ही शेजारी उभी होती. पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती.

चार गाड्या बघितल्या. वहीत रकाने आखले आहेत: सीटची उंची, मांडीला आधार, दार किती उघडतं, मागे कॅमेरा आहे का, डिकीत काय मावतं. एका गाडीत फार हुशार सोय आहे. कडेने कोणी आलं की बाहेरच्या आरशात पिवळा दिवा लागतो. म्हणजे आपण बघितलं नाही तरी गाडी बघते. मी त्या मुलीला तीनदा गाडीशेजारून चालायला लावलं. तिन्ही वेळा दिवा लागला. साडूच्या गाडीला हे नाही, खात्री करून घेतली. नवा रकाना आखला: ‘पिवळा दिवा’. बाकी सगळं मागेपुढे चालेल, हे पाहिजेच.

या पेनात खोट आहे. मागचं पान वाचायला घेतलं तर बऱ्याच ओळींचे शेवटचे शब्दच उमटलेले नाहीत. सोमवारी नवं पेन आणायचं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हिने नवीन टूम काढली आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी नऊ ते अकरा ताईकडे जायचं. ताईची पाठ धरली आहे म्हणे. धरली असेल. पण पाठ ताईची आणि गाल लाल होतात हिचे, हे कसं? परत येते ती गुणगुणतच येते. आणि चपला सोडून कॅनव्हासचे सपाट बूट घेतलेत. इतक्या वर्षांत मी तिच्या पायांत बूट बघितलेला नाही.

शिवाय उठता बसता ‘भाऊजी म्हणतात’. भाऊजी म्हणतात, घाई केली की चुकतं. भाऊजी म्हणतात, पाय हलका ठेवावा. आज तर कहर झाला. म्हणे, ‘भाऊजी म्हणतात, निघायच्या आधी आरसा बघावा.’

दुसऱ्याच्या बायकोला आरसा बघायला सांगणारा हा कोण?

मला तसलं काही म्हणायचं नाही. साडू तसा सरळ आहे आणि ही तर ही आहे. पण त्या बुटांमुळे हिची पावलं वाजत नाहीत, ते मला आवडत नाही. एकदम शेजारी उभी असते. आज उजव्या हाताशी चहा ठेवून गेली, सांगितलं नाही. माझा कोपर लागला आणि कप कापलेल्या कापडावर पालथा झाला. म्हटलं, ‘ठेवताना सांगायला काय होतं?’ म्हणाली, ‘सांगितलं की. समोर उभं राहून सांगितलं.’

आणि हिला टेबल पुसायचं वेड लागलं आहे. मी लिहून उठलो की फडकं आणि स्पिरिटची बाटली घेऊन हजर. मी काय टेबलावर जेवलो?

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज पिवळ्या दिव्याच्या गाडीची चाचणी घेतली. मी चालवायला, ती शोरूमची मुलगी शेजारी, ही माझ्या मागे. गाडी सुरेख, सीट त्याहून सुरेख, दुहेरी शिवण, एक टाका वाकडा नाही. मोठ्या रस्त्याला गेलो, वळून आलो. परत फाटकातून आत घेताना उजवीकडची कुंडी गेली. जाताना ती तिथे नव्हती. ती मुलगी म्हणते, होती. मुलगी सज्जन आहे, पण पगार शोरूमचा घेते.

दिवा लागला का? लागला असेल, मी समोर बघत होतो. दोष खांबाचा आहे. पुढच्या काचेच्या कडेचा तो खांब इतका जाड आहे की उजवीकडचं निम्मं जग त्याच्या मागे जातं. वहीत लिहिलं: ‘खांब जाड. गाडी बाद.’ वाईट वाटलं.

हिने मागून माझा हेडरेस्ट घट्ट धरला होता. त्याच्या नळ्या हलतात ते पाठीला कळतं. कुंडीच्या बरंच आधीपासून धरला होता.

घरी आल्यावर म्हणाली, ‘एकदा डोळे दाखवून या ना.’ या वर्षातली ही तिसरी वेळ. मी म्हटलं, ‘नंबर वाढला असेल. सुईत दोरा मी एका दमात ओवतो, बघायचंय?’ ओवून दाखवला.

संध्याकाळी ताईला फोन लावून बसली होती. मी खोलीत गेलो तर आवाज बारीक केला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज फार मोठी गोष्ट हाती लागली. सावकाश लिहितो.

साडू कव्हरं करायला गाडी सोडून गेला. अकराच्या सुमाराला खाली हॉर्न वाजला. मी वरून उतरेपर्यंत साडू आणि ही, दोघंही गाडीबाहेर उभी होती. ही म्हणाली, ‘भाऊजींनीच आणून सोडलं.’ साडू किल्ली देऊन पायी निघून गेला, चालणं तब्येतीला चांगलं असतं असं सगळ्या गल्लीला सांगत.

मापं घ्यायला मी ड्रायव्हरच्या सीटवर बसायला गेलो तर गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट रुळावर सरकते, रुळाला खाचा असतात. या गाडीला बारा आहेत. साडूसारखा उंटाच्या पायांचा माणूस मागून पहिल्या नाहीतर दुसऱ्या खाचेत बसणार. सीट कुठे होती? मागून नवव्या खाचेत! दोनदा मोजली, बोट लावून मोजली. आतला आरसाही खाली वळवलेला.

नवव्या खाचेत बसणारं माणूस पाच फुटांच्या आसपासचं. मेव्हणी असेल म्हणावं, तर ती हिच्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहे, आणि तिची पाठ धरलेली आहे. म्हणजे कोणी तिसरीच. साडू कुठल्यातरी बुटक्या बाईला स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या सीटवर बसवतो. केस उगाच नाहीत शाबूत.

अशी गोष्ट माझ्याशिवाय कोणालाही कळली नसती. दुसरा माणूस सीट मागे ढकलून मोकळा झाला असता. आज बऱ्याच दिवसांनी मन लावून शिवलं. शीळसुद्धा घातली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

हिला सांगितलं. ही ताईकडून येऊन कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, ‘तुझ्या भाऊजींच्या गाडीत कोणीतरी बुटकी बाई बसते. तीही ड्रायव्हरच्या सीटवर.’

हिचा हात थांबला. ‘बुटकी?’

‘बुटकीच. पाच फूट, फार तर.’

‘आणखी काय काय कळतं तुम्हाला सीटवरून?’

‘पुष्कळ कळतं. फोम कडेला दबला आहे. म्हणजे पुढे सरकून, अवघडून बसते. टाच एकाच जागी रोवते, पायपुसण्यावर खूण आहे. नवशिकी असणार, आणि भित्री.’

‘भित्री नाही,’ ही म्हणाली. मग घाईघाईने म्हणाली, ‘म्हणजे असेल. मला काय माहीत?’ आणि अर्ध्या घड्या तशाच टाकून आत गेली.

लागलं असणार मनाला. देव्हाऱ्यातला भाऊजी खाली आला, वाईट वाटणारच. जेवण वाढलं, पण एक शब्द बोलली नाही. मला जरा तिची कीव आली आणि जरा बरंही वाटलं. दुसरं जास्त.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मेव्हणीला सांगणं माझं कर्तव्य होतं. फोन केला. आडवळणाने सुरुवात केली, मग सांगून टाकलं: नववी खाच, खाली वळवलेला आरसा, टाचेची खूण.

पलीकडून खोकल्याची मोठी उबळ. बिचारी! म्हणाली, ‘बुटकी म्हणालात तुम्ही तिला? तोंडावर?’

‘तोंडावर कशाला म्हणू? मी तिला ओळखतही नाही.’

परत उबळ. फोन खाली ठेवला असावा, लांबून साडूचा आवाज आला, ‘काय झालं गं?’ आणि मेव्हणी हसल्यासारखं रडत होती. नाहीतर रडल्यासारखं हसत होती. शेवटी फोनवर येऊन म्हणाली, ‘अहो, आता आणखी कोणाला सांगू नका. देवा रे! बुटकी!’

घरची अब्रू सांभाळते आहे. थोर बाई आहे. साडूची लायकी नाही.

ही अजून माझ्याशी धड बोलत नाही. मी काय केलं?

२८ फेब्रुवारी, शनिवार

लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.

साडूच्या हेडरेस्टचं एक कव्हर दुकानात राहिलं होतं. ते द्यायला सकाळी पायीच निघालो. निघताना बघितलं, हिच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावरची तपकिरी उशी जागेवर नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षी मीच शिवली होती, दोन बोटं उंच, कारण हिचा हात ओट्याला पुरत नव्हता.

साडूच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि पांढरी गाडी समोरून आली. बेताच्या वेगाने, रेषेत. फाटकापाशी थांबली. मागे गेली, पुढे आली, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत कुठेही न घासता बसली. मला तशी लावता आली नसती. ड्रायव्हरच्या दारातून कॅनव्हासचे बूट खाली आले, मग ही आली. सीटवर तपकिरी उशी. पलीकडच्या दारातून साडू उतरला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, ‘शाब्बास!’

ही लाजली. माझ्यासमोर ती शेवटची कधी लाजली ते आठवावं लागेल.

मी कोपऱ्यावरून तसाच परत फिरलो. कव्हर अजून माझ्या खिशात आहे.

बुटकी बाई दुसरी कोणी असती तर किती बरं झालं असतं. त्यात मला मजा होती. मी तीस वर्षं सीटवर हात फिरवून खाणारा माणूस. हिला गाडी शिकायची होती, तर मला विचारायला काय झालं होतं? मी शिकवलं असतं. माझी उशी घेऊन त्याच्याकडे गेली. सकाळी नवाला त्याच्याकडे, आणि घरी येऊन मला ताईच्या पाठीच्या गोष्टी. अंगाचा नुसता जाळ झालाय. त्याची गाडी नको मला, त्याचे केस नकोत, त्याचं छत आणि त्यातलं आभाळ त्याला लखलाभ. ते ‘शाब्बास’ मला म्हणायचं होतं.

१ मार्च, रविवार

सकाळी हेडरेस्टचं कव्हर टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, ‘काल गल्लीच्या तोंडाशी होतो मी.’

हिने गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली. आधी उजवीकडे बसली होती, मग उठून डावीकडे आली.

‘बरं झालं,’ म्हणाली. ‘मलाही हे लपवणं झेपत नव्हतं. बुटकी, भित्री! आठ दिवस मी कशी गप्प बसले ते माझं मला माहीत.’

‘मला का नाही विचारलंस? त्याच्याकडे का गेलीस?’

‘तुम्ही हो म्हणाला असता?’

‘का नसतं म्हटलं?’

‘“मी असताना तुला कशाला शिकायचंय?” असं म्हणाला असता. आणि मला नेमकं तेच बोलायचं नव्हतं.’ मग हिने माझा हात धरला. ‘अहो, तुम्हाला उजवीकडचं दिसत नाही.’

मी हसलो. सुईत दोरा ओवल्याची गोष्ट काढली. ही म्हणाली, ‘समोरचं दिसतं हो. सुई समोर असते. कडेचं दिसत नाही. आठ महिने बघते आहे. चौकटीला खांदा लागतो तो उजवाच. चहा सांडतो तो उजवीकडचाच. मी दबक्या पावलांनी येत नाही, तुमच्या त्या बाजूने येते. ती कुंडी होती हो तिथे. मी मागून ओरडणार होते, तेवढ्यात गेली.’

मी म्हटलं, ‘खांब जाड होता.’

‘आणि टेबल?’

‘टेबलाचं काय?’

‘मी कशाला पुसते रोज? तुमची ओळ वहीबाहेर जाते आणि तुम्ही टेबलावर लिहीत राहता. तुमच्या वहीला मी हात लावलेला नाही, देवाशपथ. पण टेबलावरचं दिसतं ना! शेवटचे शब्द सगळे टेबलावर. “दुखतं.” “कहर झाला.” काय दुखतं, कसला कहर, ते वहीत. “साडू” तर मी स्वयंपाक सोडून पुसलाय, ताई येणार होती म्हणून. आणि सगळ्यात जास्त वेळा “नाही”. कशाला इतकं नाही-नाही लिहिता हो?’

मी उठून वही आणली. ४ फेब्रुवारीचं पान काढलं. शेवटून दुसरी ओळ अशी होती: ‘मला हेवा वाटत’. तिथे पान संपलं होतं.

टेबलाच्या उजव्या कडेवरून बोट फिरवलं.

‘गाडी तुम्ही घेणार, हे मला पक्कं माहीत होतं,’ ही म्हणाली. ‘भाऊजींनी घेतली त्याच दिवशी कळलं. आणि चालवायला तुम्हीच बसणार. मी शेजारी बसले असते, माझं काही नाही. पण उजवीकडून कोणाचं तरी पोर सायकलवर आलं असतं तर? म्हणून म्हटलं, निदान आपल्याला तरी यावी. डोळे दाखवा म्हणून दोनदा सांगितलं, तुम्ही ऐकलं नाहीत. मग बूट घेतले.’

‘साडूला माहीत होतं?’

‘त्यांनीच आधी ओळखलं. म्हणाले, उजवीकडून कोणी आलं तरी साडूभाऊ मान वळवत नाहीत. कवायतीत असं एखादं मूल असायचं म्हणे.’

याचाही मला राग आला. माझा डोळा, आणि पत्ता आधी त्याला!

४ मार्च, बुधवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एका पांढऱ्या गोल भांड्यात तोंड घालून बसवलं. आत कुठेतरी बारीक ठिपका चमकतो, तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मन लावून दाबलं. मधेमधे ठिपके यायचेच बंद होत होते, मला वाटलं यंत्र अडकलं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, ‘यंत्र थांबलं नव्हतं.’

काचबिंदू. उजव्या डोळ्याची कडेची नजर बरीचशी गेली आहे. गेलेली परत येत नाही. राहिलेली टिकवायला थेंब आहेत, सकाळ संध्याकाळ, न चुकता, जन्मभर. डावा डोळा अजून बरा आहे. मी विचारलं, ‘मला काळं कसं दिसलं नाही?’ बाई म्हणाल्या, ‘काळं दिसत नाही. आजूबाजूचं घेऊन मेंदू ती जागा भरून काढतो. म्हणून लोक उशिरा येतात.’

शिवणकाम चालेल. गाडी चालवायची नाही.

हे त्या अगदी सहज बोलल्या. ही माझ्या डाव्या बाजूला बसली होती, तिने पर्सची चेन उघडली आणि लावली.

१२ मार्च, गुरुवार

लिहावंसं वाटलं नाही. परवाना काढून हिच्याकडे दिला, तिने कपाटात ठेवला. दुकानात आलेल्या गाड्या आता गिऱ्हाईकच आत लावतं.

या आठवड्यात कोणाकोणाचा हेवा केला त्याची मोजदाद नाही. पलीकडचा दूधवाला टेम्पो उलटा घेतो, त्याचा केला. बसच्या ड्रायव्हरचा केला. समोरची म्हातारी आजी डावी-उजवीकडे मान न हलवता अख्खा रस्ता बघते, तिचा केला. साडू भेटायला आला होता. मोठ्याने काही बोलला नाही. ते मला त्याच्या ओरडण्याहून जास्त लागलं. जाताना म्हणाला, ‘साडूभाऊ, ती फार चांगली चालवते. मी नुसता बाजूला बसत होतो.’

वहीच्या उजव्या कडेला मी आता जाडी फूटपट्टी ठेवतो. पेन तिला अडलं की खाली यायचं. नाही, नाही, नाही. तिन्ही वहीतच उमटले.

१६ मार्च, सोमवार

ही म्हणाली, ‘गाडीचा अभ्यास अर्धाच राहिलाय.’ परत शोरूममध्ये गेलो. तीच मुलगी. कुंडी नवीन. मुलीने मागचा कागद काढला आणि जरा चाचरत विचारलं, ‘सर, चालवणार कोण?’

मी म्हटलं, ‘ह्या.’

वहीतले जुने रकाने खोडले. ही एकेका गाडीत बसत गेली आणि मी दाराशी उकिडवा बसून खाचा मोजत गेलो. पायाखालचा क्लच पूर्ण दाबला जातो का? पट्टा गळ्याला कापतो का? नवव्या खाचेत बसून बॉनेटचं टोक दिसतं का? हिचे प्रश्न तर माझ्यापेक्षा अवघड. गाडी किती जागेत वळते, चढावर थांबली तर मागे येते का, पुढचा खांब किती जाड आहे. मुलगी तिच्याशीच बोलायला लागली. मला मघाशीच पाणी दिलं होतं.

चौथी गाडी हिला बसली. राखाडी, छोटी. मुलगी म्हणाली, ‘मॅडम, थोडं वरचं मॉडेल घेतलंत तर छताला काचेची खिडकी मिळते.’

ही म्हणाली, ‘वर काय बघायचं असतं?’

त्या मुलीला पेढे द्यायचे तेवढे बाकी राहिले. घरी येईपर्यंत हसत होतो.

२९ मार्च, रविवार

गाडी आली. हिचा परवाना गेल्याच आठवड्यात आला. ड्रायव्हरच्या सीटचा फोम मी चार दिवसांपूर्वीच कापून ठेवला होता. वर दोन बोटं उंचवटा, मांडीखाली जरा उतार, कडेला दुहेरी शिवण. तपकिरी उशी स्टुलावर परत आली. आता तिची गाडीत गरज नाही.

साडू आणि मेव्हणी बघायला आले. मेव्हणी मला बघून परत खोकायला लागली. साडू म्हणाला, ‘वा, साडूभाऊ! जरा बसून बघू का?’ आणि उत्तराची वाट न बघता ड्रायव्हरच्या सीटवर शिरला. शिरला म्हणजे अर्धाच. गुडघे स्टिअरिंगला, केस छताला. हात सीटखालच्या दांडीकडे गेला, ‘थांबा, जरा मागे घेतो.’

मी म्हटलं, ‘हात लावू नका. ती खाच हिची आहे.’

जरा जोरातच बोललो. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. साडू निमूट बाहेर आला, गुडघे चोळत. बघून फार बरं वाटलं. लिहितोय ते खरंच लिहितोय.

मग आम्ही दोघंच निघालो. हिने बुटांची नाडी बांधली, पट्टा लावला, आरसा बघितला. गाडी गल्लीतून बाहेर काढली, मोठ्या रस्त्याला लागली. चढावर थांबली तेव्हा एक बोटभरसुद्धा मागे आली नाही. ‘शाब्बास’ मी मनात ठेवलं होतं, पण ते म्हणायला मला ती दिसायला हवी होती. शेजारच्या सीटवर बसलं की ही येते नेमकी माझ्या उजवीकडे. तिथे मला रस्त्याचाच एक तुकडा दिसत होता, मेंदूने जोडलेला. हिला बघायचं तर मान पूर्ण वळवावी लागते.

वळवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जीभ दातांत, नजर लांब. सरळ झालो, परत वळवली. तिसऱ्यांदा वळवली तेव्हा माझ्याकडे न बघताच ही म्हणाली, ‘अहो, किती बघाल? मान अवघडेल.’